कॅरोटिड धमनीच्या आतल्या भिंतीवरचा वॉल शिअर कसा काढायचा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रोजेक्ट अहवालांत एकाच प्रकारच्या निरोगी धमनीचा वॉल शिअर कुणी ०.५ पास्कल लिहितो, तर कुणी ४. सूत्र दोघांनीही बरोबर लिहिलेले असते आणि कॅल्क्युलेटरही चुकलेला नसतो. चूक त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. व्यास कुठून कुठपर्यंत मोजला, मशीनवरचा कोणता वेग उचलला, रक्त किती दाट धरले, माणूस कोणत्या अवस्थेत टेबलावर आडवा झाला, या प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतात. त्यामुळे हा लेख सूत्रापेक्षा सूत्रात जाणाऱ्या तीन आकड्यांबद्दल जास्त आहे.

मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन सरकारी रुग्णालये) किंवा एखाद्या डायग्नोस्टिक सेंटरसोबत मिळून काम करणारे नागपुरातले बायोमेडिकल आणि मेकॅनिकलचे विद्यार्थी, तसेच फिजिऑलॉजीचे पदव्युत्तर विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. मानेतली कॉमन कॅरोटिड धमनी उदाहरणाला घेतली, कारण ती त्वचेच्या जवळ असते, बऱ्यापैकी सरळ असते आणि सोनोग्राफीत स्वच्छ दिसते.

## सुरू करण्याआधी: नेमके काय मोजायचे आहे

धमनीच्या सगळ्यात आत एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. वाहते रक्त या थरावर दोन प्रकारे बल लावते. पहिले भिंतीला काटकोनात, म्हणजे रक्तदाब. दुसरे भिंतीला समांतर, प्रवाहाच्या दिशेने ओढणारे. या दुसऱ्या बलाला क्षेत्रफळाने भागले की वॉल शिअर मिळतो.

दोन्हींच्या आकारात प्रचंड फरक आहे. १२०/८० रक्तदाबाच्या माणसाचा सरासरी दाब सुमारे ९३ मिलिमीटर पारा, म्हणजे १२.४ किलोपास्कल. वॉल शिअर साधारण १ पास्कल, म्हणजे दाबाच्या बारा हजारांश. तरीही एंडोथेलियमच्या पेशी हे एवढेसे ओढणे ओळखतात. त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि धमनी सैल होते. जिथे हे ओढणे फार कमी असते किंवा प्रत्येक ठोक्याला दिशा बदलते, तिथे चरबीचे थर आधी बसतात. स्थूलमानाने १.५ पास्कलच्या वर संरक्षक आणि ०.४ पास्कलच्या खाली धोकादायक, अशी विभागणी केली जाते.

इशारा: रक्तदाब वॉल शिअरच्या सूत्रात येत नाही. “बीपी जास्त म्हणून वॉल शिअर जास्त” हे वाक्य अहवालात असेल तर ते काढा. बीपीमुळे भिंतीच्या आतला परिघाच्या दिशेचा ताण वाढतो आणि तो दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी असा काढतात. ३.१ मिलिमीटर त्रिज्या आणि ०.७ मिलिमीटर जाडी धरली तर तो ५५ किलोपास्कलच्या घरात जातो. ती राशी वेगळी आणि तिचे काम वेगळे.

## टप्पा १: परवानगी आणि जागा

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी आणि प्रत्येक स्वयंसेवकाची मराठीत किंवा हिंदीत वाचून समजावलेली संमती, दोन्ही पहिल्या मोजमापाच्या आधी हातात हवी. नंतर मागितलेली मंजुरी चालत नाही.

सोनोग्राफी मशीन कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणायचा बेत असेल तर तो इथेच सोडा. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली मशीन नोंदणीकृत जागेवर आणि पात्र व्यक्तीकडूनच वापरले जाते, मग तपासायची मान असो की पोट. “फक्त मान बघतो आहोत” म्हणून सूट मिळत नाही. तुम्हीच रामदासपेठेत किंवा धंतोलीत जिथे सोय झाली असेल तिथे जा. प्रोब, म्हणजे त्वचेवर टेकवायचा मशीनचा भाग, रेडिओलॉजिस्टच्या हातात राहू द्या आणि स्वतः शेजारी बसून सेटिंग्ज लिहून घ्या. प्रकल्पाचा दर्जा यानेच सुधारतो.

## टप्पा २: माणसाची तयारी

या टप्प्याला सगळे दोन मिनिटे देतात. निम्मी गडबड इथे होते.

स्वयंसेवकाला सकाळी लवकर बोलवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी गाडीवरून उन्हातून आलेल्या माणसाची त्वचेतली रक्तवाहिनी पसरलेली असते, नाडी वाढलेली असते आणि घाम गेल्यामुळे रक्तही थोडे दाट झालेले असते. अशा माणसाचे मोजमाप म्हणजे त्याच्या विश्रांतीतल्या अवस्थेचे मोजमाप नव्हे. उन्हाळ्यात शक्य असेल तर नऊच्या आत काम उरका.

आदल्या रात्री फोन करून पुढच्या गोष्टी सांगा:

- येण्याआधी निदान चार तास काही खायचे नाही. तर्री-पोहे खाऊन आलेल्या माणसाचा रक्तप्रवाह पोटाकडे वळलेला असतो.
- सकाळचा चहा आणि कॉफी बंद. पाणी मात्र नेहमीसारखे प्यायचे.
- विडी, सिगारेट आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद.

खर्र्याबद्दल नाव घेऊन विचारा. “तंबाखूचे व्यसन आहे का?” असे विचारले की बरेच जण सरळ नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी खर्रा हे व्यसन नसते. निकोटिनमुळे नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आकसतात. फॉर्मवर “आज खर्रा खाल्ला का? किती वाजता?” अशी स्वतंत्र ओळ छापा.

खोलीचे तापमान २२ ते २५ अंश ठेवा. माणसाला उताणे झोपवून निदान १० मिनिटे शांत राहू द्या. फोन बाजूला ठेवायला सांगा. मान तपासणीच्या विरुद्ध बाजूला थोडी वळवा आणि ईसीजीचे तीन इलेक्ट्रोड लावा. ईसीजी नसेल तर ठोक्यातला नेमका क्षण पकडता येत नाही आणि पुढचा सगळा खेळ अंदाजावर जातो.

तपासणी: दोन मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या नाडीच्या दोन नोंदींत ५ पेक्षा जास्त फरक असेल तर अजून थांबा.

## टप्पा ३: व्यास

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

७ ते १२ मेगाहर्ट्‌झचा लिनिअर प्रोब वापरा. धमनी जिथे फुगायला लागते त्या बल्बच्या १ ते २ सेंटिमीटर खाली, हृदयाच्या बाजूला, लांबीच्या दिशेने प्रतिमा घ्या. बल्बमध्ये घेऊ नका. तिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि हाताने करायचे गणित चालत नाही.

चित्र धमनीच्या मधोमध गेले आहे की बाजूने, हे ओळखायची खूण अशी: जवळच्या आणि दूरच्या अशा दोन्ही भिंतींवर एकाच वेळी दोन समांतर रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. एकाच भिंतीवर दिसत असतील तर प्रोब किंचित सरकवा. ६.२ मिलिमीटर व्यासाच्या धमनीत छेद मध्यापासून १ मिलिमीटर बाजूला गेला, तर व्यास ५.९ मिलिमीटरच्या आसपास दिसतो. पडद्यावर चित्र तितकेच सुंदर असते, त्यामुळे शंकाही येत नाही.

आता कॅलिपर, म्हणजे पडद्यावर अंतर मोजायच्या खुणा. आपल्याला रक्त वाहते ती पोकळी हवी. जवळच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून दूरच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. बहुतेक चुकीच्या अहवालांत बाहेरच्या, ठळक पांढऱ्या रेषेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत मोजलेले असते, कारण ती रेषा पकडायला सोपी असते. त्यात दोन्ही बाजूंच्या भिंतीची जाडी मिसळते आणि ६.२ चे ७.६ होतात. गेन, म्हणजे मशीन सिग्नल किती वाढवते ती सेटिंग, जास्त असेल तर जवळच्या भिंतीची आतली कड फुगून दिसते. म्हणून पोकळी काळीभोर दिसेपर्यंत गेन कमी करा.

धमनी प्रत्येक ठोक्याला पसरते आणि आकसते. ईसीजीतल्या आर शिखराच्या क्षणी सगळ्यात लहान व्यास घ्या, तसाच सगळ्यात मोठाही घ्या. काळाच्या हिशेबाने सरासरी व्यास म्हणजे लहान व्यास अधिक फरकाचा एकतृतीयांश. लहान ६.० आणि मोठा ६.५ असेल तर सरासरी सुमारे ६.२ मिलिमीटर. निदान तीन ठोक्यांवर मोजा. मग प्रोब मानेवरून पूर्ण उचला, परत ठेवा आणि पुन्हा मोजा. प्रोब न उचलता घेतलेल्या तीन नोंदी म्हणजे एकाच नोंदीच्या तीन प्रती.

इशारा: प्रोब दाबू नका. दाबल्याने धमनी चपटी होते. बल्बजवळ जोरात दाबले तर नाडी अचानक मंदावून माणसाला घेरी येऊ शकते. खूण सोपी आहे: शेजारची जुगुलर शीर पडद्यावर उघडी दिसली पाहिजे. ती मिटली असेल तर हात जड पडला आहे. चांगले तंत्रज्ञ हे लगेच ओळखतात आणि “भाऊ, दाबून राहिला तू” असे सांगतातही. ऐका.

इशारा: भिंतीवर गाठ किंवा अरुंद झालेला भाग दिसला तर मोजमाप थांबवा आणि चित्र रेडिओलॉजिस्टच्या ताब्यात द्या. स्वयंसेवकाला निदान सांगणे आपले काम नाही.

## टप्पा ४: वेग

आता त्याच जागी पल्स डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफीची पद्धत. जागा बदलली तर व्यास पुन्हा मोजावा लागेल.

क्रम असा ठेवा. प्रथम किरण आणि धमनी यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत आणा, शक्य असेल तर ४५ च्या जवळ. मग कोनाची रेषा भिंतीला समांतर लावा. त्यानंतर गेटची, म्हणजे ज्या पट्ट्यातला वेग मशीन वाचते त्याची, रुंदी ठरवा आणि फिल्टर व गेन शेवटी.

कोनाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. खरा कोन ४५ असताना रेषा ५० वर लागली तर वेग १० टक्के जास्त येतो. खरा कोन ६० असताना ६५ वर लागली तर १८ टक्के जास्त. पाच अंशांची तीच ढिलाई मोठ्या कोनात जवळजवळ दुप्पट महाग पडते. म्हणून ६० च्या पुढे जायचेच नाही.

सरासरी वेग हवा असेल तर गेट पूर्ण पोकळी व्यापेल इतके रुंद ठेवा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. अरुंद गेट फक्त मधला जलद प्रवाह पकडते. वॉल फिल्टर मशीन देईल तितके कमी ठेवा. भिंतीची धडधड काढून टाकण्यासाठी असलेला हा फिल्टर जास्त लावला की भिंतीजवळचे संथ रक्तही काढून टाकतो आणि सरासरी फुगते. गेन जास्त असेल तर आलेखाची वरची कड जाड होते आणि कमाल वेग फुगतो.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. मशीनच्या पडद्यावर टॅमॅक्स आणि टॅमीन असे दोन आकडे असतात. काही मशीनवर नावे थोडी वेगळी असतात, म्हणून मॅन्युअल उघडा. टॅमॅक्स म्हणजे प्रत्येक क्षणाच्या कमाल वेगाची काळावरची सरासरी. टॅमीन म्हणजे पूर्ण छेदातल्या सरासरी वेगाची काळावरची सरासरी. दोन्हींच्या नावात सरासरी आहे, म्हणून घोळ होतो. सूत्रात टॅमीन जातो. टॅमॅक्स टाकला की उत्तर दुपटीच्या आसपास येते.

तपासणी: टॅमीन भागिले टॅमॅक्स ०.५ च्या आसपास असावे, थोडे जास्त चालेल. ०.७ च्या वर गेले तर गेट अरुंद आहे किंवा फिल्टर जास्त लागला आहे.

शिखर वेग, म्हणजे ठोक्यातला सर्वोच्च आकडा, लिहून ठेवा पण सूत्रात टाकू नका. कारण असे: कॉमन कॅरोटिडमध्ये विश्रांतीच्या नाडीला वोमर्सली अंक (ठोक्यांचा प्रवाहाच्या आकारावर किती परिणाम होतो हे सांगणारा आकडा) ४.७ च्या आसपास येतो. याचा अर्थ ठोक्याच्या प्रत्येक क्षणी प्रवाहाचा आकार पॅराबोलासारखा नसतो. तो मध्ये चपटा होतो आणि भिंतीजवळचा प्रवाह दाबाच्या बदलाला आधी प्रतिसाद देतो. सरळ नळीचे साधे सूत्र त्या क्षणाला लागू पडत नाही. पण सरळ, न ताणणाऱ्या नळीत समीकरणे रेषीय असल्यामुळे पूर्ण ठोक्याची सरासरी मात्र त्याच साध्या सूत्राने बरोबर निघते. हाताने काढलेला वॉल शिअर हा ठोक्याचा सरासरी शिअरच असतो, ठोक्याच्या शिखराचा कधीच नसतो. अहवालात तसेच लिहा.

नाडी अनियमित असेल, एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर मोजक्या ठोक्यांची सरासरी विश्वासार्ह नसते. असा माणूस या पद्धतीतून वगळा.

## टप्पा ५: रक्ताचा दाटपणा

पुस्तकातून व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, ३.५ मिलिपास्कल-सेकंद उचलायची आणि सगळ्यांना लावायची, ही सवय विदर्भात तरी सोडायला हवी. आपल्याकडे रक्तक्षय सर्रास दिसतो आणि सिकलसेलचे प्रमाणही मोठे आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, कमी झाले की व्हिस्कॉसिटी कमी होते. सिकलसेलमध्ये पेशी कडक असतात. तिथे हिमॅटोक्रिट कमी असूनही रक्त तितके पातळ वागत नाही आणि ऑक्सिजन कमी झाला की दाटपणा आणखी वाढतो. हिमॅटोक्रिटवरून अंदाज बांधायचे कोणतेही सूत्र अशा माणसाला लावू नये.

स्वयंसेवक निवडतानाच सिकलसेलची चाचणी झाली आहे का ते विचारा. आजार असेल तर त्यांचा गट वेगळा ठेवा आणि व्हिस्कॉसिटी प्रत्यक्ष मोजा. वाहक असेल तर तशी नोंद करा.

रक्त कधी घ्यायचे? सोनोग्राफी झाल्यावर, माणूस झोपलेलाच असताना. आधी सुई टोचली की नाडी वाढते आणि टप्पा २ मधली सगळी विश्रांती वाया जाते. नंतर उठवून बसवले तर शरीरातले पाणी सरकते आणि हिमॅटोक्रिट बदलतो. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभराच्या आत सोडा, नाहीतर त्या हातातले रक्त दाट होते.

व्हिस्कोमीटर (व्हिस्कॉसिटी मोजायचे यंत्र) असेल तर कोन-प्लेट, म्हणजे शंकू आणि तबकडीच्या, प्रकारचा वापरा. त्याचे पाणी-आवरण ३७ अंशांवर आणल्याशिवाय नमुना टाकू नका. एसीच्या २४ अंशांच्या खोलीत मोजलेली व्हिस्कॉसिटी शरीरातल्यापेक्षा बरीच जास्त येते, कारण तापमान एक अंशाने घटले की ती साधारण २ टक्क्यांनी वाढते. नमुना काही तासांतच मोजा. मोजताना शिअर रेट, म्हणजे थरागणिक वेग बदलण्याचा दर, १०० प्रति सेकंदाच्या वर ठेवा. कॉमन कॅरोटिडच्या भिंतीवर तो त्याहून जास्तच असतो आणि त्या भागात रक्त साध्या द्रवासारखे वागते.

व्हिस्कोमीटर नसेल आणि हिमॅटोक्रिट सामान्य असेल तर ३.५ वापरा, पण “गृहीत” असा शब्द आकड्याशेजारी लिहा.

## टप्पा ६: गणित

आधी सगळे एकक मीटर, सेकंद, पास्कलमध्ये आणा. त्याआधी सूत्राला हात लावू नका.

- ६.२ मिलिमीटर व्यास म्हणजे ०.००३१ मीटर त्रिज्या
- २२ सेंटिमीटर प्रति सेकंद म्हणजे ०.२२ मीटर प्रति सेकंद
- ३.५ मिलिपास्कल-सेकंद, किंवा जुन्या भाषेत ३.५ सेंटिपॉइज, म्हणजे ०.००३५ पास्कल-सेकंद

सूत्र:

वॉल शिअर = ४ × व्हिस्कॉसिटी × सरासरी वेग ÷ त्रिज्या

४ × ०.००३५ × ०.२२ ÷ ०.००३१ = ०.९९ पास्कल. जुन्या शोधनिबंधांशी तुलना करायची असेल तर १० ने गुणा: ९.९ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर.

आता त्याच माणसाच्या, त्याच नोंदीच्या बाबतीत एकेक चूक केली तर काय येते ते पाहा:

- त्रिज्येच्या जागी व्यास टाकला: ०.५०
- भिंतीसकट ७.६ मिलिमीटर व्यास घेतला: ०.८१
- टॅमॅक्स ४४ हा सरासरी वेग समजला: १.९९
- शिखर वेग ९० टाकला: ४.०६
- रक्तक्षयात खरी व्हिस्कॉसिटी २.५ असताना ३.५ धरली: ०.७१ ऐवजी ०.९९

सुरुवातीला लिहिलेला ०.५ ते ४ चा पसारा इथून येतो.

शेवटची ओळ मला सर्वांत जास्त खटकते. उत्तर अगदी निरोगी दिसते, त्यामुळे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही आणि रक्तक्षय असलेल्या माणसाचा कमी शिअर सरासरीत हरवून जातो.

सूत्राचे दुसरे रूप प्रवाहावर आधारित आहे: ४ × व्हिस्कॉसिटी × प्रवाह ÷ (π × त्रिज्येचा घन). प्रवाह एमआरआयवरून घेतला आणि व्यास सोनोग्राफीवरून, तर व्यासातली चूक घनाने वाढते. ६.२ च्या जागी ५.९ मोजले की वॉल शिअर १६ टक्के जास्त येतो. प्रवाह मशीनने तुमच्याच व्यासावरून काढलेला असेल तर त्या चुकीतला काही भाग आपोआप कटतो आणि फरक ५ टक्क्यांवर राहतो. म्हणून दोन यंत्रांचे आकडे एका सूत्रात मिसळण्याआधी दोनदा विचार करा, आणि मिसळलेच तर व्यासाची अनिश्चितता अहवालात द्या.

## टप्पा ७: उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

प्रवाह काढून बघा. छेदाचे क्षेत्रफळ गुणिले सरासरी वेग: आपल्या उदाहरणात मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर. निरोगी प्रौढाच्या एका बाजूच्या कॉमन कॅरोटिडला हा आकडा शोभतो. तुमचा ९०० आला तर वेग चुकला आहे, १५० आला तर कोन किंवा छेद.

रेनॉल्ड्‌स अंक, म्हणजे प्रवाह थरांचा आहे की खळबळीचा हे सांगणारा आकडा, काढा. १०५५ किलो प्रति घनमीटर घनता धरून तो इथे ४११ येतो. प्रवाह थरांचा आहे, सूत्र वापरायला हरकत नाही. पण याच अंकावरून प्रवाह पूर्ण विकसित व्हायला लागणारी लांबी काढली तर ती १५ सेंटिमीटरच्या आसपास निघते आणि मानेतली धमनी तेवढी लांब नसते. त्यामुळे खरा वॉल शिअर सूत्राच्या उत्तरापेक्षा थोडा जास्त असू शकतो. ही मर्यादा लपवू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येतो.

डावी आणि उजवी बाजू वेगळी लिहा, सरासरी करू नका. उजवी धमनी वेगळ्या फांदीतून निघते, डावी थेट महाधमनीच्या कमानीतून.

## टप्पा ८: बल्बसाठी संगणक

खरा रस बल्बच्या बाहेरच्या भिंतीत असतो, कारण थर तिथे बसतात. पण तिथे प्रवाह भिंतीपासून सुटून उलटा फिरतो, म्हणून हातच्या सूत्राला तिथे प्रवेश नाही. तिथे सीएफडी, म्हणजे संगणकावर प्रवाहाची समीकरणे सोडवणे, लागते. टप्पा ३ ते ७ झाल्याशिवाय याला हात लावू नका. संगणकाला द्यायचा प्रवाह आणि त्याची पडताळणी, दोन्ही तिथूनच येतात.

आकार मिळवण्यासाठी निरोगी स्वयंसेवकाचा सीटी अँजिओ करू नका, विनाकारण किरणोत्सर्ग होतो. हॉस्पिटलकडे आधीच असलेले, नाव-गाव काढलेले स्कॅन समितीच्या मंजुरीने मागा किंवा एमआरआय वापरा.

मग या क्रमाने:

१. आकार. गुळगुळीत करताना धमनी आक्रसते. आधीचा आणि नंतरचा व्यास तीन ठिकाणी तपासा. मिलिमीटर की मीटर हे सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बघा.

२. प्रवेश आणि निर्गम. प्रवेशाच्या बाजूला काही व्यासांची सरळ नळी जोडा. दोन्ही फांद्यांच्या टोकांना शून्य दाब देऊन मोकळे होऊ नका, त्याने प्रवाहाची वाटणी मनमानी होते. इंटर्नल कॅरोटिडला साधारण ६५ ते ७० टक्के प्रवाह जातो. शक्य असेल तर दोन्ही फांद्यांचा डॉप्लर घेऊन खरी वाटणी द्या.

३. जाळी, म्हणजे गणितासाठी आकाराचे केलेले छोटे तुकडे. भिंतीलगत पातळ थरांची जाळी हवी. वेग स्थिर झाला म्हणजे जाळी पुरेशी झाली असे नाही. वॉल शिअर हा भिंतीवरचा उतार असल्याने तो उशिरा स्थिर होतो. बल्बमधला वॉल शिअर बदलायचा थांबेपर्यंत जाळी बारीक करत राहा.

४. ठोके. तीन-चार ठोके चालवा आणि फक्त शेवटचा वापरा. पहिल्यात सुरुवातीची अट मिसळलेली असते.

५. ऑसिलेटरी शिअर इंडेक्स, म्हणजे ठोक्यात शिअरची दिशा किती बदलते ते सांगणारा आकडा. हा ० ते ०.५ च्या मध्येच असतो. एक वजा भागाकार, आणि त्याचे अर्धे. भागाकारात वर शिअरच्या सदिशाची पूर्ण ठोक्यावर बेरीज करून मग तिचे परिमाण, खाली प्रत्येक क्षणाच्या परिमाणाची बेरीज. वर आधीच परिमाण घेतले तर सगळीकडे शून्य येते आणि “बल्बमध्ये उलट प्रवाह नाही” असा निष्कर्ष निघतो. हा इंडेक्स शिअरचे प्रमाण सांगत नाही, म्हणून त्याच्यासोबत सरासरी वॉल शिअरचा नकाशा द्याच.

तपासणी: बल्बच्या खालच्या सरळ भागात संगणकाचा ठोक्यावरचा सरासरी वॉल शिअर हाताने काढलेल्या आकड्याच्या जवळ यायला हवा. तिथे ०.९९ च्या जागी ०.०००९४ दिसले तर घाबरू नका. ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरचे असंपीड्य प्रवाहाचे सॉल्व्हर ताण घनतेने भागून देतात. १०५५ ने गुणा. दिशाही उलटी येऊ शकते, ती इंडेक्स काढण्याआधी तपासा. ही तपासणी न करता रंगीत नकाशे अहवालात चिकटवले जातात आणि रंगांच्या पट्टीवरचा आकडा कुणी वाचत नाही.

## अहवालात काय द्यायचे

प्रत्येक स्वयंसेवकासाठी एक ओळ: वय, नाडी, बाजू, बल्बपासूनचे अंतर, लहान आणि मोठा व्यास, व्यास कोणत्या कडेपासून कोणत्या कडेपर्यंत, डॉप्लर कोन, गेटची रुंदी, फिल्टर, टॅमीन आणि टॅमॅक्स दोन्ही, हिमॅटोक्रिट, व्हिस्कॉसिटी मोजलेली की गृहीत, आणि शेवटी ठोक्यावरचा सरासरी वॉल शिअर पास्कलमध्ये. दशांशानंतर दोन आकडे पुरेत.

प्रोब उचलून पुन्हा घेतलेल्या नोंदी वेगळ्या स्तंभात द्या. पडद्याची मूळ चित्रे नाव काढून जपून ठेवा. मार्गदर्शकाला किंवा परीक्षकाला शंका आली तर कॅलिपर कुठे लागला होता ते चित्रावरच दाखवता येते.